परसातला वसंत

जबलपूरहून शहापुरा, दिंडोरी आणि अमरकंटककडे जाणाऱ्या रस्त्यावर पन्नासेक किलोमीटरच्या आत कुंडम लागते. जबलपूर जिल्ह्यातले हे तालुक्याचे गाव. नर्मदेला उजव्या तीराने मिळणारी हिरण नदी याच परिसरात, सुमारे ६०० मीटर उंचीवर उगम पावते आणि सुमारे १८८ किलोमीटर वाहून नर्मदेला मिळते. इथली वस्ती बहुतांशी गोंडांची. मातीच्या भिंती, वर कवेलू, म्हणजे कौले, आणि घरामागे काट्याकुट्यांच्या कुंपणातली ‘बाडी’, हे इथल्या जुन्या घरांचे रूप. बाडी म्हणजे आपला परस. एखादा मुनगा, म्हणजे आपला शेवगा, पपई, लिंबू, आंबा, मिरची-वांग्याचे वाफे, कुंपणावर चढलेला वाल. बाडीच्या पलीकडे शेत आणि शेताच्या पलीकडे जंगल.

मराठी वाचकाला हा परस परका वाटण्याचे कारण नाही. १८६१ पासून १९५६ पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होते, आणि जबलपुरात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी घरे आजही आहेत. राज्याची सीमा नंतर बदलली, झाडांची बदलली नाही. कुंडमच्या आसपास दिसणारे मोह, पळस, तेंदू, बेहडा, चारोळी हेच गोंदिया, भंडारा, गडचिरोलीत दिसतात. म्हणून मध्य भारतातला वसंत घराच्या मागच्या दारातून कसा अनुभवावा, हे समजून घ्यायला कुंडमची बाडी फार चांगली जागा आहे.

पान गळते तेव्हा फूल येते

बागकामाची बरीच पुस्तके थंड देशांत लिहिली गेली. तिथे वसंतात बर्फ वितळतो, जमीन ओली आणि मऊ होते, दिवस मोठा होतो आणि पेरणीला सुरुवात होते. आपल्याकडे नेमके उलट घडते. वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरात पडून गेलेला असतो. फाल्गुनात माती कोरडी पडू लागते. जबलपूर परिसरात मार्चमधले दुपारचे तापमान सरासरी ३३ अंशांच्या आसपास असते आणि मेमध्ये ते ४१ पर्यंत चढते. म्हणजे आपला वसंत सुरू होतो तो पाणी कमी होत असताना.

तरीही झाडे नेमक्या याच वेळी फुलतात. पानगळीच्या जंगलातली झाडे पाने टाकून पाण्याचा खर्च थांबवतात आणि साठवलेल्या अन्नावर फुलतात. पाने नसल्यामुळे फूल लांबून दिसते आणि फुलाशी पोचणाऱ्याच्या वाटेत काही येत नाही. पळस, पांगारा आणि काटेसावर तिघेही बोडक्या फांद्यांवर लाल-केशरी फुलतात आणि तिघांच्याही मधावर पक्ष्यांची गर्दी होते. पळसाच्या फुलांतला मध प्यायला जांभळा सूर्यपक्षी येतो, खारही येते, आणि एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलाकडे जातात. मोहाचे गणित वेगळे आहे. त्याची फुले रात्री उमलतात, त्यांच्याकडे वटवाघळे येतात, आणि पहाटे मांसल, गोड पाकळ्यांचा सडा पडतो. तो वेचायला कुंडमच्या परिसरात अख्खी कुटुंबे उजाडायच्या आत बाहेर पडतात.

मातीत पाणी नाही, पण झाडावर मध आहे, फळ आहे, कोवळी पालवी आहे, अशी ही विलक्षण स्थिती असते. परसातल्या वसंताचे मर्म इथेच आहे. झाडे देत असतात, आपण फक्त दोन गोष्टी सांभाळायच्या असतात. जिथे पाणी कमी पडते तिथे ते द्यायचे, आणि जिथे निसर्गाचे काम चालू आहे तिथे हात आवरायचा. मध्य भारतातल्या फाल्गुन-चैत्राच्या बागकामात माझ्या मते दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे, आणि तीच सर्वांत कमी शिकवली जाते.

प्रत्येकाचा वसंत वेगळा

पक्ष्यांची वीण वसंतात असते असे आपण सरसकट म्हणतो. बारकाईने पाहिले तर प्रत्येक पक्षी आपल्या पिल्लांच्या अन्नाची वेळ पाहून घरटे बांधतो.

फळे खाणाऱ्यांत तांबट सर्वांत आधी कामाला लागतो. हिवाळा सरत आला की नर-मादी मिळून शेवग्याच्या किंवा आंब्याच्या वाळक्या फांदीत चोचीने गोल भोक कोरतात. उन्हे चढली की तांब्याचे भांडे ठोकावे तसा त्याचा टुक-टुक आवाज दुपारभर चालू राहतो. वड, पिंपळ, उंबर यांची फळे हा त्याचा मुख्य आहार. लालबुड्या बुलबुलही फेब्रुवारी-मार्चपासून घरटी बांधू लागतो. त्याला उंच झाड लागत नाही. लिंबाचे झुडूप, जास्वंद, अगदी व्हरांड्यातली वेलही चालते.

फुलांवर जगणारा सूर्यपक्षी मार्च ते मे या काळात घरटे करतो. नर उन्हात निळा-जांभळा चमकतो, पण घरटे विणते ती साध्या पिवळसर रंगाची मादी. फांदीच्या टोकाला, बहुधा माणसाच्या वावराजवळच, कोळ्याची जाळी, सालीचे तुकडे आणि सुकी पाने यांची एक लोंबती थैली तयार होते. तिच्या दाराला वरून छोटी पडवीही असते. परसातली जाळी झाडून टाकायच्या आधी एवढे लक्षात ठेवावे की घरट्याची बांधणी याच जाळ्यांवर होते. मध हे घरट्यातल्या पिल्लाचे नव्हे तर उडणाऱ्या पक्ष्याचे अन्न. पिल्लांना सूर्यपक्षीही कीटक आणि कोळीच भरवतो.

शिंपी पक्ष्याची कला तर आपल्या हाताच्या अंतरावर चालते. मादी एखादे रुंद पान निवडते, त्याच्या कडांना चोचीने बारीक भोके पाडते आणि कापूस, धागा किंवा जाळ्याचे तंतू त्यांतून ओवते. टाका घट्ट राहतो तो गाठीमुळे नव्हे. भोकातून बाहेर आलेले तंतू पिंजून फुगतात आणि तिथेच अडकतात. पानाच्या या पिशवीत मऊ अस्तर घालून ती बहुधा तीन-चार अंडी घालते. वांग्याचे रोप, अंजीर, कुंडीतले मोठ्या पानाचे झाड, काहीही तिला पुरते.

दयाळाचा नर मार्चपासून पहाटे छपराच्या टोकावर बसून गातो. घरटे मात्र भिंतीच्या पोकळीत किंवा झाडाच्या ढोलीत असते. कोकीळ याच सुमारास ओरडू लागतो. ‘कुहू’ करणारा काळा, लाल डोळ्यांचा पक्षी नर असतो, तर ठिपक्यांची तपकिरी मादी कावळ्याच्या घरट्यावर लक्ष ठेवून असते, कारण तिची अंडी कावळा उबवणार असतो. पावशाही असाच परभृत. तो आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतो. त्याच्या चढत्या सुरात महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला ‘पेरते व्हा’ ऐकू येते आणि कुंडमकडच्या माणसाला ‘पी कहाँ’. मध्य प्रदेशाचा राज्यपक्षी दूधराज, म्हणजे आपला स्वर्गीय नर्तक, पाण्याजवळच्या दाट सावलीत उन्हाळ्यात घरटे करतो. सावलीचा आणि ओलावा राखणारा परस असेल तर त्याची पांढरी लांब शेपटी घरूनही दिसू शकते.

सुगरण मात्र या सगळ्यांच्या मागून येते. तिचे घरटे पावसाळ्याचे, कारण विणायला लांब हिरवे पाते हवे आणि पिल्लांना मुबलक कीटक हवेत. डॉ. सालिम अली यांनी १९३० च्या सुमारास अलिबागजवळच्या किहीमला सुगरणींच्या वसाहतीचे निरीक्षण केले. नर एकामागून एक घरटी विणतो, पसंत पडलेले घरटे मादी ताब्यात घेते आणि मग नर पुढचे घरटे सुरू करतो, हे त्यांनी तिथे नीट उलगडून दाखवले. त्यासाठी लागला तो एक परिसर, शिडी आणि रोजचे पाहणे. घरच्या परसातून पक्षी पाहणाऱ्याला याहून मोठा धीर दुसरा कोणता?

फाल्गुन-चैत्राची कामे

या दिवसांत परसात पेरण्यासारखे बरेच काही आहे. काकडी, दोडका, कारले, दुधी, भोपळा, भेंडी, गवार ही उन्हाळी भाजी फेब्रुवारीत आणि मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात लावावी. उशीर केला तर रोप लहान असतानाच ऊन त्याला गाठते. वेलवर्गीय बिया रात्रभर पाण्यात भिजवून पेरल्या की लवकर उगवतात. वेलांना मांडव घालावा. एप्रिलपर्यंत तो भरला की खाली सावली होते. त्या सावलीत कुंड्या ठेवता येतात आणि बुलबुलालाही तिथे आडोसा मिळतो.

वेलभाज्यांना फळ धरायचे असेल तर फुलापर्यंत कीटक पोचले पाहिजेत, कारण नर आणि मादी फुले वेगवेगळी असतात. काकडी, भोपळा, कारले यांची फुले सकाळी उमलतात, दोडका आणि दुधीची संध्याकाळकडे. उमललेल्या फुलांवर औषध फवारले तर मधमाशी मरते किंवा फिरकत नाही, आणि मग नुसता वेल वाढतो. कीड खरोखर हाताबाहेर गेली तर एक लिटर पाण्याला ५० ग्रॅम निंबोळी या प्रमाणात केलेला अर्क गाळून, ज्या झाडाला गरज आहे त्याच्यावरच, फुले मिटलेली असताना फवारावा.

पाणी द्यावे ते पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर. मातीवर सुक्या पाल्याचा दोन-अडीच इंचांचा थर पसरला की ओल टिकते. पपई, लिंबू यांच्या मुळाशी, बुडाला बारीक भोक असलेला मातीचा माठ गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवला तर पाणी हळूहळू झिरपत राहते आणि वरची माती कोरडीच राहते. कुंडमसारख्या भागात, जिथे उन्हाळ्यात प्रत्येक घागर मोजून वापरावी लागते, तिथे ही जुनी पद्धत सर्वांत शहाणी आहे. कोणते वाण लावावे असा प्रश्न पडला तर जबलपुरातच १९६४ साली स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय आहे, तिथल्या तज्ज्ञांना विचारावे.

पाण्याचे भांडे

पक्ष्यांना घाम येत नाही. चोच उघडी ठेवून, धापा टाकून ते शरीराची उष्णता बाहेर टाकतात आणि त्यात पाणी खर्च होते. म्हणून मार्च ते जून परसात पाणी ठेवणे ही पक्ष्यांसाठी करता येण्यासारखी सर्वांत उपयोगी गोष्ट आहे.

भांडे उथळ असावे, दोन इंचांहून खोल नको. मातीचे असले तर उत्तम, कारण त्याच्या खडबडीत काठावर पाय घसरत नाही आणि पाणी गार राहते. मध्ये एखादा दगड ठेवला की चिमण्या आणि मधमाश्याही निर्धास्त पितात. भांडे सावलीत ठेवावे. जवळ बसायला फांदी असावी, पण मांजराला दबा धरता येईल असे झुडूप अगदी खेटून नको. पाणी रोज बदलावे आणि भांडे दर दोन-तीन दिवसांनी घासावे. अस्वच्छ पाण्यातून पक्ष्यांचे आजार पसरतात. डासाच्या अळीला पूर्ण वाढायला आठवडाभर लागतो, त्यामुळे रोज पाणी बदलणाऱ्या घरात डासांची भीती राहत नाही.

दाणा ठेवायचा असेल तर बाजरी, तांदळाची कणी किंवा इथले कोदो-कुटकीसारखे भरडधान्य चांगले. मिठाचे पदार्थ, पाव आणि उरलेले शिळे अन्न देऊ नये. आणि एक गोष्ट विसरू नये की दाणा मोठ्या पक्ष्यांची सोय करतो, पिल्लांची नव्हे.

अळी, पाचोळा आणि वाळकी फांदी

दाणे खाणारी चिमणीसुद्धा पिल्लांना पहिले काही दिवस कीटक आणि अळ्याच भरवते. अमेरिकेतल्या कॅरोलिना चिकडी या इवल्याशा पक्ष्याला एका विणीतली पिल्ले मोठी करायला ६,००० ते ९,००० अळ्या लागतात, असे तिथल्या निरीक्षणांतून दिसले आहे. आपल्या शिंपी, दयाळ, नाचण यांची भूकही त्याच जातीची आहे. लिंबाच्या पानांवर दिसलेली अळी पाहताक्षणी चिरडणे म्हणजे एका घरट्याच्या तोंडचा घास काढून घेणे. झाड मोठे असेल तर थोडी पाने गेली म्हणून त्याचे बिघडत नाही. पक्षी येईपर्यंत थांबण्याचा संयम मात्र ठेवावा लागतो.

पाचोळ्याचेही तसेच. सातभाईंचा थवा दिवसभर पाने उलथीपालथी करत किडे शोधतो. लख्ख झाडलेल्या अंगणात त्याला काही मिळत नाही. परसाचा एखादा कोपरा तरी न झाडता ठेवावा. मोहाच्या दिवसांत फुले स्पष्ट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवून देण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. ती आग कधी कधी जंगलात शिरते आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची वीण जळून जाते. झाडाखाली जाळी किंवा कापड अंथरले तर फूल स्वच्छ मिळते, मातीचा कण लागत नाही आणि पालाही वाचतो. मोहावर घर चालवणाऱ्यांना अशी जाळी सहज मिळावी, ही सरकारी यंत्रणेचीही जबाबदारी आहे.

वाळकी फांदी घरावर पडण्याचा धोका नसेल तर तोडू नये. तांबटाला घर कोरायला तीच लागते. पुढे तांबटाने सोडलेले भोक इतरांच्याही उपयोगी पडते. कवेलूच्या छपराखालच्या फटी हे चिमण्यांचे पिढीजात घर आहे, आणि सिमेंटच्या स्लॅबमध्ये तशी फट राहत नाही. नवे घर बांधणाऱ्याने भिंतीवर अडीच-तीन मीटर उंचीवर, उन्हाकडे पाठ करून लाकडी खोपे टांगावेत. चिमणीसाठी सव्वा इंच व्यासाचे दार पुरते. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकारातून २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन पाळला जातो. खोपा टांगायला हा दिवस योग्य आहे, पण फेब्रुवारीतच टांगला तर त्याच वर्षी भाडेकरू मिळण्याची शक्यता वाढते.

घरटे सापडले तर

मार्च ते ऑगस्ट या काळात कुंपण छाटायचे असेल तर आधी दहा मिनिटे लांब उभे राहून पाहावे. कोणी चोचीत काडी किंवा अळी घेऊन वारंवार आत जात असेल तर आत घरटे आहे. बुलबुल आणि शिंप्याची अंडी साधारण बारा ते चौदा दिवसांत फुटतात आणि पुढच्या दोन आठवड्यांत पिल्ले घरटे सोडतात. म्हणजे आपल्याला थांबायचे असते ते फक्त चार आठवडे. तेवढा काळ कात्री बाजूला ठेवावी, घरट्याभोवतीची पाने दूर सारू नयेत आणि फोटोसाठी जवळ जाऊ नये. उघडे पडलेले घरटे कावळ्याला आणि उन्हाला एकदमच सापडते.

पिसे आलेले पिल्लू जमिनीवर दिसले तर ते बहुधा उडायला शिकत असते आणि आई-बाप जवळच असतात. त्याला उचलून घरात आणण्याऐवजी जवळच्या फांदीवर ठेवावे. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकून देते, हा समज चुकीचा आहे. घरातले मांजर मात्र त्या दिवसांत आत ठेवावे. आणि राघूचे पिल्लू पाळण्याचा मोह मुलांना झाला तर त्यांना समजावून सांगावे, की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या देशी पोपटांना पिंजऱ्यात ठेवणे गुन्हा ठरवले आहे, आणि पेरूच्या झाडावर येणारा मोकळा राघू कितीतरी अधिक काळ आपल्याजवळ राहतो.

दोन ओळींची वही

पळसाचे पहिले फूल कधी दिसले, कोकीळ पहिल्यांदा कधी ओरडला, तांबटाने कोणती फांदी निवडली, अशा नोंदी एका वहीत तारखेसह ठेवाव्यात. काही वर्षांत ती वही आपल्या परसाचे पंचांग होते. या नोंदींचे मोल घरापुरते राहत नाही. दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर होणाऱ्या ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’मध्ये भारतातले पक्षीप्रेमी २०१३ पासून भाग घेतात. त्यात पंधरा मिनिटे परसात बसून दिसलेले पक्षी मोजले तरी नोंद मान्य होते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय पक्ष्यांच्या स्थितीवरील अहवालात ९४२ जातींचा आढावा घेता आला तो हजारो सामान्य माणसांनी ‘ईबर्ड’ या संकेतस्थळावर केलेल्या ३ कोटींहून अधिक नोंदींच्या जोरावर. शहरांतून अशा नोंदी भरपूर येतात. कुंडमसारख्या गावातल्या शाळेने बाडीतले पक्षी मोजून पाठवले तर त्या नोंदींना म्हणूनच अधिक अर्थ आहे.

पुढच्या वसंताची लागवड

वसंतात फुललेली बाग पाहून झाडे आणायला धावू नये. चैत्रात लावलेले झाड उन्हाळाभर पाणी मागते आणि तरीही जगेल याची खात्री नसते. पुढच्या फाल्गुनातला बहर येत्या आषाढात लावायचा असतो.

कुंपणासाठी पांगाऱ्याचे खुंट रोवावेत. पहिल्या पावसात ते सहज जीव धरतात, काट्यांमुळे गुरे आत शिरत नाहीत, आणि फुलले की सूर्यपक्षी, साळुंक्या, कोतवाल सारेच हजर होतात. कडेला अडुळसा लावावा, त्याला गुरे तोंड लावत नाहीत आणि हिवाळा सरताना त्याची पांढरी फुले मध देतात. कढीपत्त्याची काळी फळे बुलबुलाला आणि कोकिळाला आवडतात, म्हणून त्याचे एखादे झाड न छाटता वाढू द्यावे. जागा मोठी असेल तर घर आणि विहिरीपासून दूर एक उंबर लावावा. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल आणि कुंडमचा तांबट दोघेही त्याच्या फळांवर जगतात. घाणेरी मात्र फुले सुंदर असली तरी लावू नये. तिची फळे खाऊन पक्षीच तिचे बी पसरवतात आणि मध्य भारतातल्या कितीतरी जंगलांत तिने खालचे गवत आणि रोपे दडपून टाकली आहेत.

एकाच झाडापुरती जागा असेल तर तुती निवडावी. पावसाळ्यात वीतभर लांबीची फांदी मातीत खोचली की ती रुजते, चांगली वाढली तर दुसऱ्या वर्षापासून फळू लागते, आणि मार्च-एप्रिलमध्ये, माती सर्वांत कोरडी होत असताना, तिच्यावर गोड फळे लगडतात. घरातल्या मुलांनाही ती आवडतात आणि बुलबुलांनाही. हाताशी येणारी फळे मुलांनी खावीत आणि शेंड्यावरची पक्ष्यांसाठी सोडावीत, एवढा नियम घरात ठरवला की वाटणी झाली.